उरलेल्या तीन गोळ्या

वार्डोच्या बेटावर जायला समुद्राखालून बोगदा आहे.
दर बारा आठवड्यांनी मी त्यातून जाते,
शेजारच्या सीटवर थंड पेटी, सुया, फॉर्म,
आणि फॉर्मवर एलर्टच्या नावाऐवजी आकडा :
शून्य चार एक सात.

नोव्हेंबर सरता सरता तिथे सूर्य उगवायचा थांबतो.
आमची चाचणीही तशीच, दुहेरी अंध.
गोळी कुठली, त्याला माहीत नाही, मलाही नाही.
दूर ट्रोम्सोतल्या एका कपाटाला ठाऊक आहे.

पोटरीत साकळलेलं रक्त
एका सकाळी त्याच्या फुफ्फुसापर्यंत चढलं होतं.
सहा महिने औषध घेऊन तो पुन्हा उभा राहिला.
प्रश्न त्यापुढचा :
आता थांबायचं, की चालूच ठेवायचं?
थांबलं तर गुठळीची भीती.
चालू ठेवलं तर एखाद्या रात्री पोटात, डोक्यात
न थांबणारी धार.
मतं खूप होती आमच्याकडे. उत्तर नव्हतं,
म्हणून बाराशे माणसं मागून घेतली.

"वाहतं राहावं आणि सांडू नये,
एवढंच ना?" एलर्ट म्हणाला.
"इंजिनाच्या तेलाकडे मीही तेवढंच मागतो."

नाकातून? हिरड्यांतून? शौचाला काळं?
मी विचारते, तो जाळं सांधत मान हलवतो.
बोर्गहिल्ड वही आणते.
काळेनिळे डाग तिने नाण्यांवर मोजलेत :
मांडीवर पाच क्रोनरचा, दंडावर वीसचा.

जानेवारीत कॉड साफ करताना सुरी अंगठ्यात शिरली.
अंडी उकडायच्या घड्याळावर तिने वेळ लावली.
अकरा मिनिटं.
मी 'किरकोळ'च्या चौकोनात खूण केली.
'मोठा' म्हणायला हिमोग्लोबिन दोन ग्रॅमनं उतरावं लागतं,
नाहीतर माणूस जावा लागतो.

एक समिती आहे, तिला नावं दिसत नाहीत.
तिच्यापुढे दोन रकाने : गोठलेलं, सांडलेलं.
वाड्सोचा सुतार पहिल्यात गेला,
किर्केनेसच्या शाळामास्तरीण दुसऱ्यात, मार्चमध्ये.
दोघांच्याही स्वयंपाकघरात मी कॉफी प्यायलेय.

रिकाम्या व्हायला हव्यात त्या बाटल्या परत घेऊन
मी गोळ्या मोजते. थाळीत, चिमट्यानं, दोनदा.
चौऱ्याऐंशी दिलेल्या. दर वेळी तीन उरायच्या.
"विसरलो," तो म्हणायचा.
मी लिहायची : विसरला.
चाळीस वर्षांपूर्वीच्या वादळाची तारीख, वार
आणि वाऱ्याची दिशा सांगणारा माणूस.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात कपाट उघडलं.
गुठळ्या निम्म्याहून कमी, रक्तस्राव थोडे जास्त.
'थोडे' या शब्दावर डॉक्टर आस्लाउग बराच वेळ थांबल्या.
थोडे म्हणजे, शाळामास्तरीण.

मग मी बोगद्यातून शेवटची गेले, त्याचा लिफाफा घेऊन.
दूधसाखर, स्टार्च, वर पांढरा मुलामा.
औषध नव्हतंच त्यात.
बोर्गहिल्ड हसली, आणि मध्येच गप्प झाली.
ती अकरा मिनिटं म्हणजे निव्वळ त्याचीच,
कुणाची मदत नसलेली.

एलर्टनं जाळं मांडीवरून खाली ठेवलं.
"त्या तीन," तो म्हणाला.
"लांबच्या पाण्यात जायचो ना, सुरी हातात,
किनारा सहा तास मागे.
त्या दिवशी घेत नव्हतो मी."

म्हणजे तीन वर्षं
हा माणूस पिठाला घाबरून होडीत चढत होता,
आणि ज्याला घाबरायचं
ते पोटरीत घेऊन.
यासाठी फॉर्मात चौकोन नाही.
असता, तरी फॉर्म आता मिटलेला आहे.

आता खरी गोळी, अर्ध्या ताकदीची,
घ्यायची की नाही ते त्यानंच ठरवायचं.
"बाराशेंतला मी कितवा?"
मी म्हटलं, ते आकड्यांना सांगता येत नाही.
त्यानं पाकीट उजेडाकडे धरलं,
ऊन तेव्हा तिथे मध्यरात्रीही असतं,
आणि पुष्कळ वेळानं खिशात टाकलं.

दारात मी पहिल्यांदाच
फॉर्मबाहेरचा प्रश्न विचारला :
"आता किती उरवणार?"

"तीन," एलर्ट म्हणाला.
"समुद्र काही बदललेला नाही."